वाटणीची वेळ: इटलीतील खाद्यउद्योगांची घराणी

१९७१ साली पार्मा शहरातील पिएत्रो बारिल्ला आणि त्यांचे धाकटे भाऊ जान्नी यांनी आजोबांपासून चालत आलेला पास्त्याचा कारखाना डब्ल्यू. आर. ग्रेस या अमेरिकन कंपनीला विकला. आठ वर्षांनी, १९७९ मध्ये, पिएत्रोंनी तो परत विकत घेतला. त्या वेळी त्यांनी पासष्टी ओलांडली होती. इटलीतील कौटुंबिक खाद्यकंपन्या पिढ्यानुपिढ्या कशा वाढल्या, हा प्रश्न मी जेव्हा जेव्हा तपासतो, तेव्हा या आठ वर्षांपाशी येऊन थांबतो.

या कंपन्यांची गोष्ट सहसा आजीच्या पाककृतीपासून सुरू केली जाते. जाहिरातींना ते सोयीचे आहे, पण त्यातून फारसे काही कळत नाही. वाळवलेला पास्ता म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. १९६७ च्या इटालियन कायद्याने तर तो ड्युरम गव्हाचाच असला पाहिजे असे बंधन घातले. म्हणजे सगळ्या कारखान्यांकडे कृती तीच, गहू जवळपास तोच आणि साचेही थोड्याफार फरकाने तेच. तरीही एक घराणे जगभर पोहोचते, दुसरे नाव विकून मोकळे होते आणि तिसरे तुरुंगात जाते. हा फरक पडतो तो मालकी एका पिढीकडून दुसरीकडे जाताना. कोण राहणार, कोण बाहेर पडणार आणि बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कुणी कुठल्या पैशाने घ्यायचा, याचा निर्णय तेव्हा होतो. माझ्या मते या उद्योगांची वाढ तिथे ठरते. नवे पदार्थ आणि नव्या जाहिराती त्यानंतर येतात.

बारिल्लांची सुरुवात १८७७ ची. थोरल्या पिएत्रो बारिल्लांनी पार्मात पाव आणि पास्त्याचे छोटे दुकान काढले. पो नदीच्या खोऱ्यातला हा सुपीक मुलूख चीज आणि हॅमसाठी आधीच नावाजलेला होता. पास्त्याची राजधानी मात्र दूर दक्षिणेला, नेपल्सच्या आसपास होती. दुकानाचा कारखाना केला तो रिक्कार्दो आणि ग्वाल्तिएरो या दोन मुलांनी. १९१० मध्ये त्यांनी वेशीबाहेर मोठी इमारत उभारली आणि सतत चालणारी भट्टी बसवली. शंभरएक कामगार तिथे रोज सुमारे ८ टन पास्ता आणि २ टन पाव काढू लागले. त्याच वर्षी कंपनीला पहिले बोधचिन्ह मिळाले: पिठाने भरलेल्या गाडीत प्रचंड मोठे अंडे फोडणारा पोऱ्या. दोघा भावांची कामे वाटलेली होती. एक उत्पादन पाही, दुसरा विक्री. १९१९ मध्ये ग्वाल्तिएरो अकाली गेले आणि सगळा भार रिक्कार्दोंवर आला.

इथे रिक्कार्दोंच्या पत्नी विर्जीनिया यांचे नाव घ्यायलाच हवे. कंपनीच्या अधिकृत इतिहासात दर पिढीला एक पुरुष दिसतो, पण या काळात कामगारांची भरती, त्यांची देखरेख आणि घरची घडी या बाईंनी सांभाळली. हे केवळ बारिल्लांपुरते नाही. १८२७ मध्ये सान्सेपोल्क्रो या तोस्कानातल्या गावात बुइतोनींचा पास्ता सुरू झाला, तो जुलिया बुइतोनी यांच्या पुढाकाराने. भांडवलासाठी त्यांनी मोत्यांचा हार गहाण ठेवल्याचे घराण्यात सांगतात. आल्बा या गावातल्या मिठाईवाल्या फेरेरोंमध्ये पिएरा फेरेरो पतीमागे मुलाबरोबर कंपनीत उभ्या राहिल्या. दोन पिढ्यांच्या मधली पोकळी बहुतेक वेळा बाईने भरली आहे आणि पाटीवर तिचे नाव क्वचितच लागले आहे. या विषयावर लिहिणाऱ्यांनी याची भरपाई अजून केलेली नाही.

१९४७ मध्ये रिक्कार्दो वारले आणि पिएत्रो-जान्नी ही जोडी पुढे आली. आजोबांचेच नाव असलेले हे पिएत्रो व्यापाराच्या बाजूचे होते. त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जाऊन स्वयंसेवा दुकाने, पॅकिंग आणि जाहिराती पाहिल्या. इटलीत तेव्हा पास्ता सुटा विकला जाई. दुकानदार खणातून काढून कागदात बांधून देई. ग्राहक दुकानदाराला ओळखे, कारखान्याला नाही. परतल्यावर पिएत्रोंनी दोन धाडसी गोष्टी केल्या. १९५२ मध्ये पाव बंद केला, म्हणजे ज्या मालावर घराणे उभे राहिले त्यातला अर्धा सोडला आणि सगळी ताकद पास्त्यावर लावली. दुसरे म्हणजे एर्बेर्तो कार्बोनी या पार्माच्याच रेखाटनकाराला हाताशी धरून निळ्या खोक्याची ओळख घडवली. बारिल्लाचा पास्ता असला की रोज रविवारच, अशा आशयाची त्यांची घोषणा गाजली. पुढे दूरचित्रवाणीवर मीना ही त्या काळची सर्वांत लोकप्रिय गायिका बारिल्लासाठी गाऊ लागली. पास्ता दुकानदाराचा राहिला नाही, एका नावाचा झाला.

नाव मोठे झाले की कारखानाही मोठा लागतो. १९६० च्या दशकाअखेर पार्माजवळ पेद्रिन्यानो इथे बारिल्लांनी जगातला सर्वांत मोठा म्हणून ओळखला गेलेला पास्त्याचा कारखाना उभारला. त्यासाठी अफाट पैसा गुंतला. नेमक्या त्याच वेळी इटलीतले वातावरण बिघडले. १९६९ च्या उन्हाळ्यानंतर संपांची लाट आली, उद्योगपतींच्या अपहरणांची भीती पसरली आणि पुढे राजकीय हिंसाचाराचे दशकच सुरू झाले. जान्नींना बाहेर पडायचे होते. पिएत्रोंना भावाचा हिस्सा घ्यायचा होता, पण पेद्रिन्यानोनंतर तेवढा पैसा हाताशी नव्हता. म्हणून दोघांनीही विकले. भावांमध्ये कुणी खलनायक नव्हता. एकाला शांतता हवी होती, दुसऱ्याला कारखाना, आणि दोन्ही एकदम पुरवणारी रक्कम कुठेच नव्हती. माझ्या वाचनातल्या बहुतेक कौटुंबिक उद्योगांच्या फाटाफुटीला हेच कारण लागू पडते. आपण मात्र ते स्वभावदोषांत शोधत बसतो.

ग्रेसच्या हाती कंपनी गेली आणि दोन वर्षांत संकट आले. १९७३ मध्ये महागाई रोखण्यासाठी इटालियन सरकारने पास्त्यासह जीवनावश्यक वस्तूंचे भाव गोठवले. गव्हाचे भाव जगभर चढत होते, विक्रीचा भाव हलवता येत नव्हता. अमेरिकन व्यवस्थापनाने हुशारीने वाट काढली: ज्यावर भावबंदी नाही असे पदार्थ बनवायचे. त्यातून १९७५ मध्ये मुलिनो बियान्को हा बिस्किटांचा ब्रँड आला. खेड्यातली पांढरी पिठाची गिरणी, शेत, सकाळची न्याहारी, अशी त्याची प्रतिमा. आज तो इटलीच्या घराघरात आहे आणि बारिल्लाच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. म्हणजे सर्वांत जास्त 'घरगुती' वाटणारा ब्रँड जन्मला तो घराणे बाहेर असताना, पगारी व्यवस्थापकांच्या हातून. कौटुंबिक मालकीचे गुणगान करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. मलाही त्या मालकीविषयी आस्था आहे, पण कल्पकता रक्तातून उतरते असे मानायला या इतिहासात आधार नाही.

मग मालक बदलल्याने फरक काय पडला? फरक धीराचा होता. ग्रेस ही अनेक देशांत अनेक धंदे करणारी रसायन कंपनी. भावबंदीत अडकलेला पास्त्याचा कारखाना हा तिच्या हिशेबातला एक दुखरा आकडा होता. पिएत्रोंसाठी तो आयुष्याचा विषय होता. विक्रीनंतरची वर्षे त्यांनी अस्वस्थतेत काढली आणि ग्रेस विकायला तयार झाल्याचे कळताच एका स्विस भागीदाराची मदत आणि मोठे कर्ज घेऊन १९७९ मध्ये कंपनी सोडवून आणली. त्या काळच्या इटलीत बहुतेक श्रीमंत पैसा सीमेपलीकडे स्वित्झर्लंडला नेत होते. पिएत्रोंनी उलट दिशेने आणला. पुढच्या चौदा वर्षांत कंपनीची उलाढाल अनेक पटींनी वाढली. १९८५ ची घर आणि बारिल्ला यांना जोडणारी जाहिरातमालिका याच काळातली, आणि फेदेरिको फेलिनीसारख्या दिग्दर्शकाने रिगातोनीवर केलेली छोटी जाहिरातही याच काळातली. १९९३ मध्ये पिएत्रो गेले. ग्विदो, लुका, पाओलो आणि एमानुएला या चौघांकडे कंपनी आली. यांतले पाओलो मोटारशर्यतीत उतरलेले, १९८५ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेल्या चमूतले. त्यांनी ते सोडून कारखान्याचा रस्ता धरला.

चौथ्या पिढीने कंपनी देशाबाहेर नेली. अमेरिकेत आयोवा राज्यात कारखाना उभारला, १९९९ मध्ये स्वीडनची वासा ही कुरकुरीत पावाची कंपनी घेतली. सगळेच जमले नाही. २००२ मध्ये जर्मनीतली काम्प्स ही बेकरी कंपनी प्रचंड किंमत देऊन घेतली आणि आठ वर्षांनी तिच्यातून बाहेर पडावे लागले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या प्रमुखाची त्यात नोकरी गेली असती. इथे घराण्याने तोटा गिळला आणि पुढे चालू लागले. खासगी मालकीचा हा फायदा. तिचा तोटा २०१३ मध्ये दिसला. ग्विदो बारिल्ला एका रेडिओ कार्यक्रमात म्हणाले की आपण जाहिरातीत समलिंगी कुटुंब दाखवणार नाही. जगभर बहिष्काराची हाक उठली. मालकाचे आडनाव खोक्यावर असते तेव्हा त्याचे खासगी मतही खोक्याबरोबर विकले जाते. ग्विदोंनी जाहीर माफी मागितली, कंपनीची धोरणे बदलली आणि वर्षभरात अमेरिकेतल्या समलिंगी हक्क संघटनेच्या मूल्यांकनात कंपनीला पूर्ण गुण मिळाले. दडपण आल्यावर का होईना, बदल खरा झाला, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो.

बुइतोनींची कथा याच्या उलट गेली, आणि मला ती अधिक दुःखद वाटते. हे घराणे बारिल्लांपेक्षा पन्नास वर्षे जुने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी पेरुजिया शहरात चॉकलेटची पेरुजिना कंपनी उभारण्यात भाग घेतला. तिथे लुईसा स्पान्योली या विलक्षण बाईंनी १९२२ मध्ये 'बाची' हे आख्खे हेझलनट वर बसवलेले चॉकलेट तयार केले; कागदात प्रेमाच्या ओळी गुंडाळलेले हे चॉकलेट आजही इटलीत भेट म्हणून दिले जाते. जोव्हान्नी बुइतोनींनी व्यवसाय अमेरिकेत नेला. ते हौशी गायकही होते. सत्तरीला कार्नेगी हॉल भाड्याने घेऊन गायले. पण पिढ्या वाढल्या तशा शाखा वाढल्या, पास्ता आणि चॉकलेट यांच्या कंपन्या १९६९ मध्ये एकत्र केल्या गेल्या, आणि १९७० च्या दशकातली महागाई व कर्जे पेलणारा एकहाती मालक उरला नाही. १९८५ मध्ये कार्लो दे बेनेदेत्ती या वित्तसम्राटाने ती घेतली आणि तीनच वर्षांत नेस्लेला विकली. पिएत्रो बारिल्ला परत आले त्यानंतर सहाच वर्षांनी बुइतोनी कायमचे बाहेर पडले. दोघांपुढची संकटे सारखी होती: भावबंदी, संप, कर्ज. एका घरात निर्णय घेणारा एक माणूस होता, दुसऱ्या घरात अनेक चुलत नाती.

त्या १९८५ सालाचा आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. सरकारी मालकीचा एसएमई हा खाद्यसमूह दे बेनेदेत्ती विकत घेणार होते. पंतप्रधान क्राक्सींचा विरोध होता. तेव्हा बारिल्ला, फेरेरो आणि बेर्लुस्कोनींची फिनइन्व्हेस्ट यांनी एकत्र येऊन वरचढ बोली लावली. शेवटी तो समूह तेव्हा कुणालाच मिळाला नाही आणि पुढची कित्येक वर्षे हे प्रकरण न्यायालयांत गाजत राहिले. सरकार, बँका आणि मोठी घराणी यांची ही गुंतवळ विसरून इटालियन खाद्यउद्योगाची वाढ सांगता येत नाही.

फेरेरोंच्या बाबतीत वाटणीचा पेच नियतीनेच सोडवला. दुसऱ्या महायुद्धानंतर कोको महाग होते आणि आल्बाभोवतीच्या लांगे टेकड्यांवर हेझलनट मुबलक. मिठाईवाले पिएत्रो फेरेरो यांनी १९४६ मध्ये दोन्हींच्या मिश्रणाची वडी काढली; पावावर कापून ठेवायची. तीनच वर्षांत ते गेले. वितरण उभारणारे भाऊ जोव्हान्नी १९५७ मध्ये गेले. सूत्रे पिएत्रोंचा एकुलता मुलगा मिकेले यांच्याकडे आली, आणि ती २०१५ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत प्रत्यक्षात त्यांच्याकडेच राहिली. अर्ध्या शतकाहून अधिक काळ एकच डोके. १९६४ मध्ये नुटेला, १९६९ मध्ये टिक टॅक, १९७४ मध्ये खेळणे दडवलेले किंडर अंडे, १९८२ मध्ये फेरेरो रोशे. मिकेले मुलाखती देत नसत, शेअर बाजारात गेले नाहीत, दुसऱ्यांच्या कंपन्या विकत घेत नसत. आपल्या घरात पदार्थ शोधायचा, वर्षानुवर्षे चाचणी करायची, मगच बाजारात न्यायचा.

फेरेरोंची मला सर्वांत भावणारी गोष्ट मात्र पदार्थांची नाही, बसगाड्यांची आहे. आल्बाच्या भोवतालच्या खेड्यांतून कामगारांना आणण्या-नेण्यासाठी कंपनीने बसगाड्या चालवल्या. त्यामुळे माणसांना गाव सोडून शहरात यावे लागले नाही. पाळी संपली की ती आपल्या मळ्यात परतत. तुरीनच्या मोटार कारखान्यांनी त्याच काळात खेडी रिकामी केली. लांगेच्या टेकड्यांवर द्राक्षमळे आणि हेझलनटच्या बागा टिकल्या त्यात या बसगाड्यांचा वाटा आहे. निवृत्त कामगारांसाठी १९८३ मध्ये प्रतिष्ठान स्थापले गेले. हा मालकाचा मोठेपणा म्हणून मी सांगत नाही. ज्या मालकाचे घर, कबरी आणि कारखाना एकाच दरीत आहेत, त्याला शेजाऱ्यांकडे पाठ फिरवणे अवघड जाते.

मिकेलेंनंतर बदल झाला. दोन मुलांपैकी थोरले पिएत्रो २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सायकल चालवताना हृदयविकाराने गेले. उरलेले जोव्हान्नी, कादंबऱ्याही लिहिणारे, वडिलांच्या उलट वाटेने निघाले: ब्रिटनची थॉर्नटन्स २०१५ मध्ये, नेस्लेचा अमेरिकेतला मिठाई व्यवसाय २०१८ मध्ये २.८ अब्ज डॉलरना, मग केलॉगची बिस्किटे, आइस्क्रीम, आणि २०२५ मध्ये न्याहारीच्या धान्यांची डब्ल्यू. के. केलॉग ही कंपनी ३.१ अब्ज डॉलरना. २०१७ मध्ये प्रथमच घराण्याबाहेरचा मुख्य अधिकारी नेमला. दहा वर्षांत उलाढाल दुपटीहून वाढून १८ अब्ज युरोंवर गेली. महाराष्ट्राचा या कंपनीशी थेट संबंध आहे: बारामतीचा कारखाना २०११ पासून टिक टॅक, किंडर जॉय आणि रोशे काढतो. आल्बाच्या घराण्यात होणारे निर्णय आता पुणे जिल्ह्यातल्या पाळ्यांवरही परिणाम करतात.

इतक्या वाढीला पुरणारे हेझलनट लांगेत पिकत नाहीत. जगातले बहुतांश हेझलनट तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठी पिकतात, फेरेरो त्याचा जगातला सर्वांत मोठा खरेदीदार आहे, आणि तिथल्या तोडणीत हंगामी मजुरांची मुले राबतात हे पत्रकारांनी वारंवार दाखवले आहे. कंपनीने तपासणीच्या योजना आखल्या आहेत. पण आल्बाच्या कामगाराला बस आणि तुर्कस्तानातल्या मजुराच्या मुलाला तपासणीचा अहवाल, हा फरक मला अस्वस्थ करतो. आपल्या माणसांची व्याख्या दरीपुरती ठेवून जगभर खरेदी करता येत नाही.

लहान घराण्यांचे दाखले थोडक्यात. आब्रुत्सोतील दे चेक्को १८८६ पासून फारा सान मार्तीनोत मंद वाळवणीवर ठाम राहिले. पार्माच्या मुत्तींनी १९५१ मध्ये टोमॅटोची पेस्ट ट्यूबमध्ये भरली आणि झाकण म्हणून शिवणकामाचे अंगुस्तान लावले. घरोघरी शिवण चालणाऱ्या काळातली ती उत्तम कल्पना. तुरीनचे लाव्हात्सा १८९५ च्या किराणा दुकानातून सुरू झाले आणि आजही कॉफीत आहेत.

पार्माजवळच्याच कोल्लेक्क्योची पार्मालात मात्र घाईत सोडून चालणार नाही. १९६१ मध्ये कालिस्तो तान्झींनी सुरू केलेली ही दुधाची कंपनी जगभर पसरली, १९९० मध्ये शेअर बाजारात आली. डिसेंबर २००३ मध्ये कळले की बँक ऑफ अमेरिकेतली सुमारे ४ अब्ज युरोंची जमा दाखवणारा कागद खोटा होता. एकूण खड्डा १४ अब्ज युरोंच्या आसपास निघाला. कंपनीचा पैसा मुलीच्या पर्यटन व्यवसायाकडे आणि फुटबॉल क्लबकडे वळवला जात होता. हजारो छोट्या रोखेधारकांची पुंजी बुडाली. बाजारातले भागधारक, लेखापरीक्षक, बँका असे सगळे पहारेकरी असूनही हे घडले, कारण घराची तिजोरी आणि कंपनीची तिजोरी यांतली भिंत कुणी राखलीच नाही. शेअर बाजार हाच कौटुंबिक कंपन्यांच्या शिस्तीवर उपाय आहे असे म्हणणाऱ्यांना पार्मालातचे उत्तर द्यावे लागेल.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. इटलीत मृत्युपत्राने सगळी मिळकत एकाच मुलाला देता येत नाही. जोडीदार आणि दोन किंवा अधिक मुले असतील तर तीन चतुर्थांश मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते. मालकाच्या मर्जीला एक चतुर्थांश उरते. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण कारखान्याचे तुकडे यातूनच होतात. २००६ मध्ये कायदा बदलून मालकाला हयातीतच, सर्व वारसांच्या संमतीने, व्यवसाय एकाकडे सोपवण्याची मुभा दिली गेली. इतरांना त्यांच्या हिश्शाची भरपाई द्यायची. पाच वर्षे ताबा टिकवणाऱ्या वंशजांना वारसा करातूनही सूट आहे. तरतूद चांगली आहे, पण भरपाईचा पैसा कायदा पुरवत नाही. १९७१ मध्ये पिएत्रो बारिल्लांची अडचण नेमकी तीच होती.

बारिल्लांची सध्याची पिढी चार सख्ख्या भावंडांची आहे. पुढची चुलत भावंडांची असेल. बुइतोनी याच टप्प्यावर विखुरले. २०२३ पासून कंपनीचा मुख्य अधिकारी पुन्हा घराबाहेरचाच आहे आणि ते बरेच आहे, कारण रोजचा कारभार कुणीही सक्षम माणूस चालवू शकतो. चुलत भावंडांपैकी ज्याला बाहेर पडायचे असेल त्याचा हिस्सा घेण्यासाठी आतापासून निधी बाजूला काढला जातो की सगळा नफा नव्या कारखान्यांत जातो, यावर मी या घराण्याचे भवितव्य पारखेन. पेद्रिन्यानो उभारताना तो निधी नव्हता.